पोट भरलेलं, पाय उपाशी

पाय कुठे आहे?

धारगळच्या उतारावर त्या सकाळी मी बस चालवता चालवता खाली वाकून बघितलं. माझा उजवा पाय कुठे आहे ते बघायला. ब्रेकवर आहे की बाजूला, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला कळतच नव्हतं.

पाय अर्धा ब्रेकवर होता, अर्धा बाहेर. मान वर केली तर समोर मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई रस्ता ओलांडत होती. दोन्ही पायांनी जीव खाऊन ब्रेक दाबला. बस थांबली ती तिच्यापासून हातभर अंतरावर. आत उभी असलेली माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. बाईनं पाटी सावरली आणि माझ्याकडे वळून ओरडली, "डोळे घराक ठेवून इलंस काय रे?"

कंडक्टर बाबल पुढे धावत आला. "उमेश, काय झाला?"

"काय नाय. चप्पल सरकली."

चप्पल सरकली नव्हती. चप्पल पायात आहे की नाही हेसुद्धा मला उमजत नव्हतं.

मी पेडणे-म्हापसा मार्गावर एकोणीस वर्षं खाजगी बस चालवतो. वय चव्वेचाळीस. वजन तेव्हा शहाऐंशी किलो. आजारी माणूस म्हणून डोळ्यांसमोर जो येतो, तसा मी अजिबात दिसत नव्हतो. तीन महिन्यांपासून तळव्यांना मुंग्या येत होत्या, मग जाड मोजे घातल्यासारखं वाटायला लागलं. जीभ लाल, गुळगुळीत झालेली, तिखट लागलं की आग. सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा आणि मी नळ धरून उभा राहायचो. लहान पोरानंसुद्धा ओळखावं अशी ही लक्षणं, पण मी सगळ्यांना उत्तर ठेवलेलं: उन्हाचा ताप, सीटचा त्रास, वय. बायकोला, सुलभाला, एक अक्षर सांगितलं नव्हतं. पाय गेले तर ड्रायव्हर गेला, एवढं मला कळत होतं. म्हणूनच गप्प होतो.

पण ती बाई हातभर अंतरावर होती. त्यानंतर गप्प राहणं म्हणजे गुन्हा होता.

म्हापशाच्या स्टँडवर मी बस लावली आणि किल्ली बाबलच्या हातात दिली. "मालकाक फोन कर. दुसरो ड्रायव्हर धाडूक सांग. मी परत गाडी नेणार नाय."

"कोणाकडे भांडलंस?"

"माका माझे पाय कळनत नाय रे, बाबल."

पहिल्यांदा मोठ्यानं बोललो. बाबल चौदा वर्षं माझ्या मागच्या दारात उभा आहे, त्याची बडबड कधी थांबत नाही. त्या वेळी मात्र तो तसाच धावला. ओळखीच्या एकाची मोटरसायकल मागून आणली, मला मागे बसवलं आणि थेट सरकारी हॉस्पिटल गाठलं.

सापडलं!

तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी स्टीलचा दोन पाकळ्यांचा एक चिमटा टेबलावर आपटला आणि त्याचं बूड माझ्या मनगटावर टेकवलं. झूंऽऽ. भुंगा बसल्यासारखी थरथर. "हे कळतंय?" कळत होतं. मग तोच चिमटा पायाच्या अंगठ्यावर ठेवला.

"आता?"

"ठेवलात?"

मॅडमनी बाबलकडे बघितलं, बाबलनं माझ्याकडे. चिमटा घोट्यावर आला, नडगीवर आला. गुडघ्याजवळ कुठे मला भुंगा जाणवला. मग म्हणाल्या, "पाय जुळवून उभे राहा. डोळे मिटा." मिटले, आणि मी झाडासारखा आडवा. बाबलनं काखेत हात घातले म्हणून डोकं फुटलं नाही.

त्या दुपारी मला दाखल करून घेतलं. सुलभा पेडण्याहून बस बदलत आली. तिला वाटेत कुणीतरी सांगितलेलं, अर्धांग झालंय. खाटेजवळ आली, माझी चादर वर केली, दोन्ही पाय हातात धरून बघितले, आणि मग जी सुरू झाली! "तीन महिने? तीन महिने तू माका सांगलंस नाय? मी कोण तुझी?" मी तिच्या हातांकडे बघत होतो. ती पाय घट्ट दाबत होती हे दिसत होतं. लागत नव्हतं. रडू आलं ते त्यानं.

दुसऱ्या दिवशी रक्ताचे रिपोर्ट आले. डॉक्टर मॅडम कागद घेऊन जवळजवळ धावतच आल्या.

"उमेशराव, मासे खाता?"

"नाही."

"मटण, अंडी?"

"नाही."

"दूध, दही?"

"दुधानं पोट गडबडतं. गाडीवर असताना नको ती भानगड. मी कोरा चहा पितो."

"किती वर्षं असं?"

"दहा."

"आम्लपित्ताच्या गोळ्या?"

"त्या तर रोजच. मीच घेतो दुकानातून."

"सापडलं!" त्या इतक्या आनंदानं म्हणाल्या की शेजारच्या खाटेवरचा माणूसही उठून बसला. "तुमच्या अंगातलं बी-बारा जीवनसत्त्व जवळजवळ संपलंय."

"संपलंय म्हणजे? मी दिवसातून पाचदा खातो!"

"जेवता खरं. पण त्या जेवणात ते नाहीच. भातात नाही, पावात नाही, भाजीत नाही. मासे, मटण, अंडी, दूध, यांतून येतं ते. आपलं यकृत त्याचा साठा करून ठेवतं, तो काही वर्षं पुरतो. तुम्ही दहा वर्षं जुन्या साठ्यावर चाललात. त्यात या गोळ्यांनी होतं तेही अंगी लागणं कमी केलं. रक्त फिकं पडलं, नसांवरचं वेष्टन झिजलं. म्हणून पाय कळत नाहीत."

"म्हणजे अर्धांग नाही?"

"नाही."

"मी परत चालवेन?"

त्यांनी कागद मिटला. "किती परत येईल ते आज सांगत नाही. पण वेळेत आलात. येईल."

पहिलं इंजेक्शन त्याच दुपारी घेतलं. लाल, करवंदाच्या रसासारखं.

खाट नंबर नऊ

हॉस्पिटलात दिवस सकाळी साडेपाचला सुरू होतो. आधी थर्मामीटर, मग रक्त, मग चहा, मग झाडू, मग डॉक्टरांची फेरी. या सगळ्यात माझी खरी परीक्षा एकच होती, संडासापर्यंतची वीस पावलं. भिंत धरून, खाली बघत, पाऊल दिसेल तिथे टाकत. शेजारच्या खाटेवर बेळगावकडचा एक गवंडी होता. घमेल्यासकट परांचीवरून पडून पाय मोडलेला. तो स्वतः चालू शकत नव्हता, पण मी उठलो की खाटेवरून मला चालवायचा. "डावीकडं ओल हाय बघा, दादा. आता उजवा. अजून थोडा. आता धरा दार." पोचलो की तो तिथून टाळी वाजवायचा. त्याचं नाव मला पाचव्या दिवशी कळलं, पण तोपर्यंत आमची घट्ट मैत्री झाली होती.

भीती होतीच. दुपारी वॉर्ड निवांत झाला की मी चादरीखाली अंगठे हलवायचो. हलतायत का ते चादर वर होते की नाही त्यावरून बघायचं. मुंग्या तर इंजेक्शननंतर आधी वाढल्या. मला वाटलं, गेलं सगळं. नर्सबाई म्हणाल्या, "कधी कधी नसा जाग्या होतात तेव्हा अशा चावतात. चावूदेत."

आणि पाचव्या सकाळी सुलभानं डब्यातून पेज आणली. पहिला घोट घेतला आणि मी दचकलो.

"मीठ!"

"काय? जास्त पडला?"

"नाय गो! मीठ लागतां! माका चव लागतां!"

कित्येक महिने जिभेला फक्त आग कळत होती. त्या दिवशी मला उकड्या तांदळाच्या पेजेचा वास, मीठ, शेजारच्या कैरीच्या लोणच्याचा आंबटपणा सगळं वेगवेगळं कळलं. मी तो सगळा डबा संपवला आणि गवंड्याकडे बघून म्हटलं, "माझी जीभ परत आली!" त्यानं टाळी वाजवली.

ताटाची शाळा

सुटी मिळण्याआधी आहारतज्ज्ञ आल्या, स्नेहल मॅडम, मूळच्या कोल्हापूरकडच्या. हातात एक स्टीलचं ताट आणि खडू. मला म्हणाल्या, "काल दिवसभर कामावर असता तर काय खाल्लं असतं? खोटं नाही सांगायचं."

सांगितलं. सकाळी स्टँडवर दोन पाव आणि पातळ भाजी. दहाला कोरा चहा आणि एक भजी-पाव. दुपारी डब्यातला भात, वरणाचं पाणी, लोणचं. संध्याकाळी परत पाव. रात्री भात.

त्यांनी ताटात खडूनं रेघा मारल्या. जवळजवळ अख्खं ताट भरलं. "हे सगळं एकाच कामाचं बघा. ताकद, म्हणजे पिष्टमय पदार्थ. चालायला, चढायला, स्टिअरिंग फिरवायला. तुम्ही डिझेल भरपूर भरलंय, दादा. टाकी ओसंडून पोटावर आलीय."

"आणि बाकीचं?"

"तेच विचारते. झीज कोण भरून काढणार? प्रथिनं कुठं आहेत?"

"वरण आहे की."

"वरणाचं पाणी आहे. डाळ तळाला राहिली ती कोण खातं?"

सुलभा खुर्चीवरून म्हणाली, "मी." आणि आम्ही तिघंही हसलो.

चव्वेचाळीस वर्षं मी जेवत होतो आणि जेवण म्हणजे काय ते त्या अर्ध्या तासात शिकलो. मला इतका आनंद होत होता की मी मध्येमध्ये प्रश्न विचारून त्यांना बोलूच देईना. अळसांद्यांची, म्हणजे चवळीची, उसळ आणि कुळथाची पिठी म्हणजे प्रथिनं, झीज भरून काढणारी. नारळाचं खोबरं म्हणजे चरबी. ती वाईट नाही, पण वाटीभर नको. काही जीवनसत्त्वं तर चरबीशिवाय अंगात मुरतच नाहीत. तांबडी भाजी, म्हणजे तांबडा माठ, रक्ताची, पण त्यावर लिंबू पिळा म्हणजे तिच्यातलं लोह नीट लागू होतं. आणि जेवल्या जेवल्या कोरा चहा प्याल की तेच लोह वाया! मी डोक्याला हात लावला. नाचणी हाडांची. चोथा पोट साफ ठेवणारा. आणि उकडा भात! तांदूळ उकडताना कोंड्यातली बी जीवनसत्त्वं दाण्याच्या आत शिरतात, म्हणून पॉलिश केल्यावरही बरीच टिकतात. आमच्या आज्ज्या हे शाळेत न जाता करत होत्या. मी हौसेनं पांढरा भात सुरू केला होता, हॉटेलसारखा दिसतो म्हणून!

"मग आमच्या शेतात पिकतं त्यात सगळं आहे की."

"जवळजवळ सगळं. एक सोडून," स्नेहल मॅडम म्हणाल्या. "बी-बारा झाडं बनवत नाहीत. ते सूक्ष्म जीव बनवतात, आणि जनावरांच्या, माशांच्या वाटेनं आपल्यापर्यंत येतं. तुम्ही मासे का सोडले?"

मी सुलभाकडे बघितलं. ते तिनं सांगितलं.

नवस

आमची मुलगी वैभवी दोन वर्षांची असताना तिला न्यूमोनिया झाला होता. इवलंसं नाक, त्यावर ऑक्सिजनची नळी. सुलभाचं माहेर नार्वे. मी हॉस्पिटलातून तडक तिथे गेलो, सप्तकोटेश्वराच्या देवळाच्या पायरीवर बसलो आणि म्हटलं, पोर वाचव, मी मासळी सोडली. गोंयकाराकडे, म्हणजे गोव्याच्या माणसाकडे, सोडण्यासारखं याहून मोठं काय असतं? पोर वाचली. मी मासे, मटण, अंडी सगळंच सोडलं. दूध त्या नवसात नव्हतं, ते पोटाच्या तक्रारीनं आणि माझ्या आळसानं सुटलं.

स्नेहल मॅडमनी ऐकून घेतलं. "नवस तुमचा, दादा. त्यात मी पडत नाही. इंजेक्शनं आणि मग गोळ्या आहेत, दही-ताक सुरू करा, मासे न खाताही बरे व्हाल. नवस चुकला नाही तुमचा. फक्त सोडलेल्या जागी काय ठेवायचं, ते कुणी सांगितलं नाही."

हे वाक्य मला त्या वेळी फार बरं वाटलं.

पण घरी गेल्यावर वेगळंच वाढून ठेवलं होतं. वैभवी आता बारा वर्षांची, सातवीत. दारात आली, माझ्या हातातली काठी बघितली आणि आत पळाली. मी मागोमाग गेलो, भिंत धरत. ती खाटेवर पालथी पडून रडत होती.

"बाबा, माझ्यामुळेच झाला ना ह्या? माझ्यासाठी तू नुस्त्यां सोडलंस."

नुस्त्यां म्हणजे मासळी. सुलभानं फोनवर आईशी बोलताना सगळं सांगितलं होतं, ते हिनं ऐकलेलं.

मी तिच्याजवळ बसलो. पुस्तकी उत्तर मला येत नव्हतं. म्हटलं, "मासळी मी सोडली, ती प्रेमानं. दूध-दही सोडलं, ते आळसानं. गोळ्या खाल्ल्या, त्या अडाणीपणानं. डॉक्टरकडे गेलो नाही, ते भीतीनं. यात तुझं नाव कुठे आहे?"

तिनं डोळे पुसले. "आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात जीवनसत्त्वांचा धडा आहे," ती म्हणाली. "तुका शिकवू?"

आणि शिकवायला लागली! रोज संध्याकाळी माझं ताट तपासायची. "बाबा, हिरवा खंय? प्रथिन खंय? दही खंय?" दुधाचं माझं जुनं वैर, पण दही चाललं, ताक चाललं. सुलभा डाळीचा तळ आधी मला आणि मग, माझ्या आग्रहानं, स्वतःलाही वाढू लागली. तिलाही रक्त तपासायला लावलं. लोह कमी निघालं. दोघांची तांबडी भाजी सुरू झाली, वर लिंबू.

भुंगा

दोन आठवड्यांत मी अंगणातून धाप न लागता आलो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात आंघोळीचं पाणी पायावर पडलं तेव्हा ओरडलो, "गरम! सुलभा, पाणी गरम आसा!" ती घाबरून धावत आली. "भाजलं?" "नाय! कळलं!" ती बादलीकडे बघत बसली आणि मग पदरानं डोळे टिपत आत गेली.

चौथ्या महिन्यात डॉक्टर मॅडमनी पुन्हा चिमटा आपटला आणि अंगठ्यावर टेकवला. मी डोळे मिटून वाट बघत होतो. आणि आला. लांबून आल्यासारखा, पण आला.

"भुंगा!" मी ओरडलो.

बाहेर बाकावर बसलेला बाबल दार उघडून आत. "आयलो? भुंगो आयलो?"

डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत, आणि कदाचित तशीच राहतील. ते मला मान्य आहे. गाडी चालवायचा लेखी दाखला मिळाल्यावरही मी लगेच रस्त्यावर गेलो नाही. आधी एका मोकळ्या मैदानावर रिकामी बस घेऊन गेलो. बाबल दगड ठेवायचा, मी दगडाजवळ बस थांबवायची. पन्नास वेळा तरी थांबवली असेल. खाली एकदाही बघितलं नाही.

आता प्रवाशांना माझा उपद्रव आहे. कुणी पायाला मुंग्या येतात म्हटलं की मी सोडत नाही. तपासून घ्या, म्हणतो. मुंग्या शंभर कारणांनी येतात, माझं कारण तुमचं असेलच असं नाही, म्हणून स्वतःहून गोळ्या खाऊ नका. डॉक्टरला दाखवा, आणि काय खाता ते खरं सांगा. आणि जाड माणसाचं पोषण पुरेसंच असतं असं समजू नका. माझ्याकडे बघा.

सुंगटां

बरा झालो म्हणून एका रविवारी आम्ही तिघं नार्व्याला गेलो. सासूबाईंनी सकाळीच नदीची सुंगटां आणून ठेवली होती, मोठी, करड्या पाठीची कोळंबी. ती म्हणजे वैभवीचा जीव. ओट्यावर सोलायला बसल्या आणि नातीला हाक मारली, "ये गो, बघ तरी."

"आजी, माझ्यासाठी नको."

"पोट दुखतां?"

"नाय. नको."

सुलभा म्हणाली, "हल्ली ती घरीपण नको म्हणता. माका वाटला, नखरे."

मी वैभवीला मागच्या माडाखाली नेलं.

"कधीपासून?"

ती माडाला टेकली. मग म्हणाली, "तू हॉस्पिटलात होतंस तेव्हापासून. देवाक सांगितलं, बाबांक चालूंक दे, मी नुस्त्यां सोडतंय."

बारा वर्षांची पोर. रोज माझं ताट तपासत होती आणि स्वतःचं रिकामं ठेवत होती.

मी रागावलो नाही. काय म्हणून रागावणार? ती माझंच करत होती. तिचा हात धरला आणि तसाच देवळाकडे निघालो. सुलभा आणि सासूबाई मागून आल्या. देवासमोर नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालायला मी दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही, स्वतःच मोठ्यानं बोललो, "देवा, दहा वर्षांमागे तू पोर दिलीस. मी शब्द दिला, तो पाळला. आता ह्या पोरीनं माझ्यासाठी शब्द दिलाय. मी चालतोय, बघ. तिचा शब्द मी परत मागून घेतो, आणि माझाही. चूक असेल तर माझी. तिची नाही."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "देव काय पोरांक उपाशी ठेवता?"

घरी आलो. पानं मांडली. उकडं शीत म्हणजे उकडा भात, तांबडी भाजी, आणि मधोमध वाफाळतं सुंगटांचं हुमण, म्हणजे कालवण. वैभवीनं वाढून घेतलं, पण हात लावला नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"बाबा, तू आधी."

दहा वर्षांनी मी सुंगट उचललं. नारळ, आंबसोलाचा आंबट रस, आणि आत नदीची गोडी. ती चव मी काय सांगू! मी वैभवीकडे बघून मान हलवली.

तिनं ताट पुढे ओढलं. एक खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसरं तोंडात असतानाच बोलली, "आजी, अजून आसत?"